मुसळाची साम : रूट कॅनलनंतर फुटलेल्या एका दाढेची हकिकत

मृग लागून चार-पाच दिवस झाले होते. बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातून बावन्न वर्षांच्या एक मावशी सकाळच्या पहिल्या बसने माझ्या दातांच्या दवाखान्यात आल्या. पदराच्या गाठीत त्यांनी दाढेचा तुकडा बांधून आणला होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा, एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने पिवळट. "हे बघा की ओ मॅडम, आठळी खाताना पडलं. दुखत मात्र काय बी न्हाई."

चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या आमच्या पश्चिम भागात मे-जूनमध्ये घरोघर असतात. आठळी काही दगड नव्हे. धडधाकट दाढ तिने फुटत नाही. म्हणजे ही दाढ आधीपासूनच फुटायला टेकली होती. ती त्या अवस्थेला कशी आली आणि तिचं पुढे काय केलं, ते इथे लिहिते आहे. मावशींची परवानगी घेतली आहे. गावाचं नाव किंवा ओळख पटेल असं काही दिलेलं नाही.

दाढ होती उजवीकडची खालची पहिली मोठी, आमच्या नोंदीत ४६ क्रमांकाची. ही सहाव्या वर्षीच्या सुमाराला येते. कायमच्या दाढांत ही सगळ्यांत आधी येणारी, त्यामुळे बहुतेकांच्या तोंडात कीडही हिलाच लवकर गाठते. जानेवारीत मावशी सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला मुलाकडे गेल्या होत्या. तिथे दाढ ठणकायला लागली, रात्र रात्र झोप नाही. जवळच्या एका दवाखान्यात तीन खेपांत रूट कॅनल झालं, म्हणजे दाढेतली नस काढून मुळांतल्या नळ्या भरल्या. शेवटच्या खेपेला वरून पांढरं सिमेंट भरलं. "डॉक्टर म्हणाले, झालं." बारसं उरकून मावशी गावी आल्या आणि शेतात उतरल्या.

पिशवीत फाइल होती. शेवटच्या पानावर, सगळ्यांत खाली, इंग्रजीत कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण, करून घेण्याचा सल्ला लिहिलेला होता. म्हणजे त्या डॉक्टरांनी सांगितलं नाही असं मी म्हणणार नाही. लिहिलेलं होतं, फक्त ते मावशींपर्यंत पोचलेलं नव्हतं. आमच्या सीमाभागातल्या माणसाची बसवरची पाटी कन्नडमध्ये असते, दवाखान्याची फाइल इंग्रजीत असते आणि दुखणं मराठीत असतं. तिघांची गाठ पडेलच असं नाही. मुलाने ती ओळ वाचली होती, पण 'केली तर बरी' अशा अर्थाने.

ते पांढरं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. एप्रिलच्या शेवटाला ते झिजून निघून गेलं. खड्ड्यात भाताची शितं अडकायची, मावशी काडीने काढायच्या. दुखत नसल्यामुळे दवाखान्यात जायचं कारण काय, हा त्यांचा प्रश्न खराच होता. दाढ दुखते ती नसेमुळे. नस काढली की हाक मारणारंच कोणी उरत नाही, पण दाढेला जे व्हायचं ते होतच राहतं. रूट कॅनल झालेली दाढ न दुखता किडते आणि न दुखता फुटते. माझ्या अनुभवात अशा दाढा हातच्या जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच, की त्या दुखत नाहीत.

तोंडात काय दिसलं

जिभेकडच्या बाजूचे दोन्ही सुळके, म्हणजे दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे, गेले होते. खालच्या दाढांत हीच बाजू जास्त वेळा तुटते. जुनी कीड मागच्या अंगाला होती, त्यामुळे मागची भिंतही नव्हती. गालाकडची भिंत शाबूत होती, हिरडीच्या वर साडेतीन मिलिमीटर उंच आणि दोन मिलिमीटर जाड. पुढची भिंत अडीच मिलिमीटर. जिभेकडे पुढच्या कोपऱ्यात जेमतेम एक मिलिमीटर उरलं होतं आणि मागच्या कोपऱ्यात तूट हिरडीच्या खाली एक मिलिमीटर गेली होती. शेजारच्या मागच्या दाढेला, जिथे अन्न अडकायचं तिथेच, नवी कीड लागली होती.

दाढ हलत नव्हती. ठोकून बघितलं तर किंचित वेगळं वाटतंय म्हणाल्या, दुखतंय म्हणाल्या नाहीत. हिरडीभोवती बारीक सळई फिरवून खोली मोजली; सगळीकडे तीन मिलिमीटरच्या आत. ही मोजणी मी दोनदा केली, कारण मूळ उभं चिरलेलं असेल तर बाकी सगळीकडे हिरडी ठीक असते आणि एकाच ठिकाणी सळई खोल, अरुंद फटीत गेल्यासारखी उतरते. तसं कुठेच झालं नाही. चिरलेलं निघालं असतं तर पुढचं काहीच करण्यात अर्थ नव्हता.

एक्सरेत तीन गोष्टी दिसल्या. पुढच्या मुळातलं भरण चांगलं होतं, टोकाच्या एक मिलिमीटर अलीकडेपर्यंत. मागच्या मुळाच्या टोकाशी मात्र मुगाच्या दाण्याएवढी काळी छाया होती. शिवाय त्या मुळातलं भरण मुळाच्या मधोमध नव्हतं, एका बाजूला सरकलेलं होतं. भरण असं कडेला दिसलं की दुसऱ्या कडेला न सापडलेली नळी असण्याची शंका घ्यायची असते. खालच्या पहिल्या दाढेत साधारण तिघांपैकी एकाला मागच्या मुळात दोन नळ्या असतात.

"काढूनच टाका की ओ," मावशी म्हणाल्या. "दुखत न्हाई म्हटल्यावर एवढं कशाला?"

काढायची की ठेवायची

हा प्रश्न मी दर वेळी आधी सोडवते आणि मगच हातात यंत्र घेते. दाढ ठेवण्याजोगी आहे की नाही हे एक्सरेवरून अर्धंच कळतं. जुनं भरण, कीड, भुसभुशीत झालेला भाग, सगळं काढून टाकल्यावर हिरडीच्या वर निरोगी दात किती उरतो, त्यावर सगळं ठरतं. मुळातलं भरण पुन्हा करता येतं. कॅप मोडली तर दुसरी बनते. उरलेली भिंत मात्र कोणी बनवून देऊ शकत नाही.

मावशींना मी सांगितलं, की कॅपने दाढेला चारी बाजूंनी वेढा घालायचा असतो आणि तो वेढा सिमेंटवर नाही, दाताच्याच भिंतीवर बसायला हवा. दीड-दोन मिलिमीटर उंचीची आणि निदान एक मिलिमीटर जाडीची भिंत सगळीकडून कॅपच्या मिठीत आली, तर चावताना जोर वाटला जातो आणि मूळ चिरत नाही. भिंतच नसेल तर कॅप सिमेंटच्या गोळ्यावर उभी राहते आणि एक दिवस गोळ्यासकट हातात येते.

मावशींनी क्षणभर विचार केला. "म्हंजे मुसळाची साम."

मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं, ते. लाकूड कांडताना चिरू नये म्हणून. साम लाकडावर घट्ट बसली तरच उपयोगाची. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून शिकवताना या वेढ्याला जो शब्द वापरतात त्याचा मूळ अर्थही काठीच्या टोकाचं कडं असाच आहे. इतकी वर्षं मी रुग्णांना ती कल्पना हातवारे करून समजावत होते आणि शब्द त्यांच्याच घरात, उखळाशेजारी, उभा होता. त्या दिवसापासून मी साम हाच शब्द वापरते. वडगावच्या विणकरालाही तो कळतो आणि खानापूरकडच्या शेतकऱ्यालाही.

त्याच सकाळी, भूल देऊन, जुनं सगळं काढलं. भिंगाखाली दाढेच्या तळाला निळा रंग लावला. कुठे चीर असली तर रंग तिच्यात शिरून रेघ उमटते. तळ स्वच्छ निघाला. पुढच्या भिंतीवर मात्र एक केसासारखी रेघ दिसली, वरच्या कडेपासून दीड मिलिमीटर खाली येऊन थांबलेली. तिचा फोटो काढून ठेवला.

हिशेब असा झाला : गालाकडे आणि पुढे साम बसायला भरपूर भिंत, जिभेकडच्या पुढच्या कोपऱ्यात थोडी, मागच्या कोपऱ्यात शून्य. दाढ काढली तर तीन रस्ते होते. एक म्हणजे शेजारच्या दोन दाढा कोरून त्यांच्यावर टेकलेला ब्रिज. त्यातली पुढची उपदाढ, म्हणजे मोठ्या दाढांच्या पुढची लहान दाढ, पूर्ण निरोगी होती आणि ती कोरायची कल्पना मला बरी वाटेना. दुसरा इम्प्लांट, म्हणजे हाडात खिळा बसवून त्यावर दात, ज्याचा खर्च ऐकूनच मावशींनी मान हलवली. तिसरा म्हणजे मोकळी जागा तशीच ठेवायची. पुष्कळजण तेच करतात. मग वर्षा-दोन वर्षांत मागची दाढ पुढे कलते आणि वरची खाली उतरायला लागते. मावशींना मी सगळं सांगितलं, पैसे सांगितले, किती खेपा लागतील ते सांगितलं आणि हेही सांगितलं, की एका कोपऱ्यात साम नसेल. त्या बाहेर जाऊन मुलाशी फोनवर बोलल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "ठेवूया."

नस काढलेली दाढ सुकते का?

मुलाने फोनवर विचारलेला पहिला प्रश्न हा होता. आमच्याकडे हे सर्रास बोललं जातं, काही दवाखान्यांतही : नस काढली की दाढ वाळलेल्या फांदीसारखी ठिसूळ होते. १९९२ साली सेजली आणि मेसर यांनी रूट कॅनल झालेले २३ दात आणि त्याच माणसांच्या तोंडातले दुसऱ्या बाजूचे जिवंत जोडीदार दात तपासून पाहिले. रूट कॅनल झालेला दात ठिसूळ होतो, असं त्यांना दिसलं नाही.

मग अशा दाढा फुटतात कशामुळे? त्याचं उत्तर १९८९ च्या एका प्रयोगात चांगलं सापडतं. रीह, मेसर आणि डग्लस यांनी काढलेल्या उपदाढांवर टप्प्याटप्प्याने कोरकाम करून दर वेळी दाताचा ताठपणा मोजला. रूट कॅनलसाठी वरून भोक पाडल्याने ताठपणा पाच टक्क्यांनी कमी झाला. चावण्याच्या पृष्ठावर खड्डा कोरल्याने वीस टक्क्यांनी. पण पुढची आणि मागची अशा दोन्ही कडा कोरल्या तेव्हा त्रेसष्ट टक्क्यांनी. म्हणजे नस काढल्याने दाढ दुबळी होत नाही. ती कीड आणि कोरकामाने दोन्ही कडा गेल्यामुळे होते. बुट्टीचा काठ जसा. काठ एका जागी कापला की विणलेल्या पट्ट्या उसवायला लागतात, मग बुट्टीचा तळ कितीही घट्ट असो.

हा फरक समजणं पैशांच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे, कारण त्यातून हेही कळतं की रूट कॅनल झालेल्या प्रत्येक दाताला कॅप लागत नाही. पुढच्या दाताला मागून लहानसं भोक पाडून रूट कॅनल केलं असेल आणि बाकी दात शाबूत असेल तर नुसतं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं चिकटणारं भरण, भरून भागतं. १९८४ साली सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी १२७३ दातांच्या नोंदी तपासल्या. उपदाढा आणि दाढांना कॅपने चांगलाच फायदा झालेला होता, पुढच्या दातांना नाही. पुढच्या शाबूत दाताला कोणी कॅप बसवायला सांगितली तर का म्हणून विचारावं. दाढेला मात्र, विशेषतः एखादी कड गेली असेल तर, टाळाटाळ नको. अक्विलिनो आणि कॅप्लन यांच्या २००२ च्या अभ्यासात कॅप नसलेले दात गमावण्याचं प्रमाण कॅप असलेल्यांच्या सहापट निघालं.

इथे मला माझीही एक चूक लिहायची आहे. काही वर्षांपूर्वी वडगावच्या एका विणकराच्या वरच्या उपदाढेचं रूट कॅनल मी केलं होतं. काम मनासारखं झालं, एक्सरे सुंदर आला, आणि मीही तोच शब्द उच्चारला : झालं. कॅपसाठी सवडीने या, म्हटलं. मागावर काम होतं, सवड सात महिन्यांनी मिळाली. तोवर उपदाढ दोन सुळक्यांच्या मधून उभी दुभंगली होती, मुळापर्यंत. मीच तिचं रूट कॅनल केलं आणि मीच ती काढली. त्या माणसाने मला दोष दिला नाही. तो त्याचा चांगुलपणा. आता मी रूट कॅनल सुरू करण्याआधीच कॅपचा खर्च आणि तारीख मराठीत लिहून देते आणि नळ्या भरल्या त्या दिवशी 'अर्धं झालं' असं सांगते.

पुन्हा रूट कॅनल

मावशींना सगळ्यांत पटायला कठीण गेलं ते हे. "केलेलं परत कशाला?"

नळ्यांमधलं रबरासारखं भरण बघायला घट्ट दिसतं, पण थुंकीपुढे ते टिकत नाही. तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली काढलेल्या दातांच्या भरलेल्या मुळांचं वरचं तोंड उघडं ठेवून जंतू किती दिवसांत खालच्या टोकाला पोचतात ते मोजलं. अर्ध्याहून जास्त मुळं, एका जातीच्या जंतूने १९ दिवसांत आणि दुसऱ्या जातीच्या जंतूने ४२ दिवसांत, आरपार दूषित झाली. मावशींची दाढ एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत उघडी होती. त्यात मागच्या मुळाशी छाया. अशा पायावर नवी कॅप बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली ओल्याच भिंतीला रंग देणं.

रे आणि ट्रोप यांनी १९९५ साली १०१० दातांचे एक्सरे तपासून एक गोष्ट दाखवली, जिने माझ्या पिढीच्या डॉक्टरांना विचार करायला लावला : मुळाच्या टोकाशी आजार आहे की नाही, याचा संबंध नळ्या किती छान भरल्या यापेक्षा वरचं भरण किती छान आहे याच्याशी जास्त दिसला. पुढे झालेल्या काही अभ्यासांनी दोन्हींना सारखंच महत्त्व दिलं, आणि मला तेच खरं वाटतं. पण वरचं छप्पर दुय्यम नाही, एवढं त्या एक्सऱ्यांनी पक्कं केलं.

पहिल्या आठवड्यात मागच्या कोपऱ्यातली हिरडी आणि तिच्याखालचं थोडं हाड खाली घेतलं. या शस्त्रक्रियेत मोह होतो. हिरडीचं हाडाशी जुळणं राहायला हाडाच्या वर साधारण दोन मिलिमीटर जागा लागते, कॅपची कड त्याच्या वर हवी, आणि सामीसाठी आणखी दीड-दोन मिलिमीटर हवेत. सगळं हवंच असं धरलं तर त्या कोपऱ्यात तीनेक मिलिमीटर हाड काढावं लागलं असतं. खालच्या दाढेची दोन मुळं जिथे फाकतात ती जागा फार खाली नसते. ती उघडी पडली की तिथे ब्रश पोचत नाही आणि सामीपायी दाढच जाते. म्हणून मी दीड मिलिमीटरवर थांबले. कॅपची कड निरोगी जागेवर बसेल, हिरडी सुजणार नाही, एवढंच त्यातून साधलं. साम तीन बाजूंना, कुठे पुरी कुठे थोडी, आणि चौथ्या कोपऱ्यात नावापुरती. तीन बाजूंची साम काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरी, यावर मी ती दाढ ठेवली. माझ्या काही सहकाऱ्यांनी या टप्प्यावर ती काढली असती आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही.

हाड नीट केल्यावर रक्त थांबवून तुटलेली भिंत ग्लास आयोनोमर नावाच्या सिमेंटने तात्पुरती उभी केली, टाके घातले. मावशी मिश्री लावायच्या. हिरडी भरेपर्यंत तरी ती बंद करा, असं सांगितलं. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. त्या "बघूया" म्हणाल्या.

दहा दिवसांनी टाके काढून मागच्या दाढेवर क्लॅम्प लावून रबर डॅम चढवला. रबराच्या त्या पडद्याशिवाय हे काम करू नये, असं मला ठामपणे वाटतं. थुंकी आत गेली तर जे काढायला बसलो तेच पुन्हा आत भरलं जातं. जुनं भरण काढलं आणि मागच्या मुळात जिभेच्या अंगाला, भिंगाखाली, चुन्यासारख्या पांढऱ्या ठिपक्याखाली दुसरी नळी सापडली. एक्सरेने जे सुचवलं होतं ते तिथे होतं. चारही नळ्या धुऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध भरलं आणि दोन आठवड्यांनी बोलावलं.

दोन आठवड्यांनी मावशी आल्या नाहीत. भाताची रोपलावण लागली होती आणि लावणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही. साडेतीन आठवड्यांनी आल्या, पण या वेळी वरचं भरण जाड आणि घट्ट होतं, ते तसंच होतं. हे मी आता नेहमी धरून चालते : आमचा रुग्ण पावसावर आणि बसवर अवलंबून आहे. तात्पुरतं भरण निदान साडेतीन-चार मिलिमीटर जाड हवं आणि सांगितलेल्या तारखेपेक्षा महिनाभर जास्त टिकेल असं हवं.

पोस्ट का नाही

नळ्या भरल्या त्याच बैठकीत, रबर डॅम न काढता, दाढ आतून बांधून काढली. मुलाचा व्हिडिओ कॉल आला होता. त्याने कुठेतरी बघितलं होतं, की मुळात पोस्ट घातली की दाढ मजबूत होते. हा समज इतका पसरलेला आहे की थोडं थांबून लिहिते.

पोस्ट म्हणजे मुळात रोवलेली खुंटी. खुंटीचं काम टांगलेलं धरून ठेवणं, भिंत मजबूत करणं नव्हे. वर काहीच उरलं नसेल आणि सिमेंटच्या गाभ्याला धरायला जागा नसेल, तेव्हा ती लागते. पुढच्या दातात, उपदाढेत अशी वेळ येते. पण तिच्यासाठी मूळ आतून आणखी कोरावं लागतं, मूळ तेवढं पातळ होतं, आणि पातळ मूळ चिरतं. टोकाकडचं चार-पाच मिलिमीटर भरण न हलवता राखावं लागतं, तेही दर वेळी जमत नाही. फायबरची पोस्ट साधारण दातासारखीच लवते, म्हणून ती निकामी झाली तर बहुधा निसटते. लोखंडासारखी ताठ पोस्ट पाचरीसारखं काम करते आणि मुळालाच चीर पाडू शकते.

मोठ्या दाढेला निसर्गाने वेगळी सोय दिली आहे. नस जिथे होती ती आतली खोली. मावशींच्या दाढेत ती चार मिलिमीटर खोल होती, तिच्या भिंती आत वळलेल्या होत्या आणि दोन बाहेरच्या भिंती उभ्या होत्या. चारही नळ्यांच्या तोंडातलं भरण दोन मिलिमीटर खाली घेतलं, ती जागा आणि खोली मिळून कॉम्पोझिटने भरली. झाडाने मुळं धरावीत तसा गाभा चार ठिकाणी रुजतो. नय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली चांदीच्या भरणाने ही पद्धत मांडली होती. आता चिकटणाऱ्या साहित्याने ती आणखी सोपी झाली आहे. चिकटण्यासाठी मात्र खोली अगदी स्वच्छ हवी. लवंगेच्या तेलाचा अंश असलेलं सिमेंट कॉम्पोझिट नीट घट्ट होऊ देत नाही, म्हणून भिंती अल्कोहोलने पुसून घेतल्या. गालाकडचे सुळके दीड मिलिमीटर कमी करून त्यांच्यावरही कॉम्पोझिटचं पांघरूण घातलं, म्हणजे कॅप येईपर्यंत ते फुटू नयेत.

मागच्या दाढेची कीडही त्याच सुमाराला भरली. हे कॅपच्या आधी करावं लागतं. शेजारची भिंत नीट गोल झाली नाही तर कॅप कितीही चांगली असो, दोघींमध्ये फट राहते आणि पुन्हा तेच अन्न, तीच कीड.

कॅप

हिरडी भरायला शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवडे द्यायचे होते. ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या आधी, मावशी आल्या. हिरडी गुलाबी, रक्त नाही. मिश्री सुटली नव्हती, पण त्या बाजूला लावत नव्हत्या.

कॅप कशाची करायची यावर आम्ही निवांत बोललो. सिरॅमिक चढवलेल्या धातूच्या कॅपला चावण्याच्या बाजूने दीड-दोन मिलिमीटर जागा लागते. झिर्कोनियाला कमी लागते, पण तिचा दर मावशींना परवडणारा नव्हता. नुसत्या धातूच्या कॅपला सगळ्यांत कमी कोरावं लागतं आणि कडेला अर्ध्या मिलिमीटरवर भागतं. ज्या दाढेत भिंत हेच भांडवल, तिथे अर्धा मिलिमीटरही मोठा. "दाढ कोण बघायला येतंय," मावशी म्हणाल्या. खोटं कानातलं घातलं की कान चिघळतो का, हेही मी त्यांना विचारलं. चिघळतो म्हणाल्या. असं खाजणं बहुधा निकेलचं असतं, म्हणून लॅबला निकेल नसलेला कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू लिहून दिला आणि त्यांच्याकडून तसं लेखी मागवलं. नुसतं 'मेटल' लिहून चालत नाही.

कोरताना गालाकडची भिंत किती उरते ते जाडी मोजत मोजत कोरली. माप घेतलं, तात्पुरती ॲक्रिलिकची कॅप दिली. आठ दिवसांनी धातूची कॅप आली. आधी बिनसिमेंटची बसवून कडा सळईने तपासल्या, दोन्ही शेजारणींशी धागा कट्ट करून जातो का ते बघितलं, रंगीत कागद चाववून उंची बघितली. मागच्या आतल्या कोपऱ्यात ठिपका गडद उमटत होता. नेमका तोच कोपरा, जिथे साम नाही. तिथला भार कमी केला. मग ग्लास आयोनोमर सिमेंटने कॅप पक्की केली. पैसे तीन हप्त्यांत ठरले होते. शेवटचा हप्ता नवरात्रात, रताळी मार्केट यार्डात गेल्यावर.

त्यानंतर

सहा महिन्यांनी एक्सरेत मागच्या मुळाची छाया आधीपेक्षा फिकी दिसली, आकारात फरक थोडा. वर्षाने ती निम्म्याहून लहान झाली होती. अशा छायेला पूर्ण भरायला कधी कधी चार वर्षं लागतात, म्हणून तोवर बघत राहायचं. हिरडीभोवती खोली सगळीकडे तीनच्या आत, मागच्या कोपऱ्यातही. कॅप घट्ट. मावशी दोन्ही बाजूंनी चावतात.

पुढच्या भिंतीवरची ती केसासारखी रेघ आता कॅपखाली आहे, दिसत नाही. तिच्यासमोरच्या जागी सळई दर वेळी मी आधी लावते. गेल्या खेपेला मावशींनी विचारलं, तिथंच पहिल्यांदा का बघता म्हणून. फोटो दाखवला. त्यांनी तो मुलाला पाठवायला सांगितला आणि पुढच्या मृगातली तारीख लिहून घेतली, कार्डाच्या वरच्या बाजूला, मराठीत.